रेकॉर्डिंगलाही झीलकरी लागतो

लग्नसराईत गोंधळी मंडळींकडे एक दिवस मागायचा म्हणजे त्यांना घेतलेली सुपारी सोडायला लावायचं, हे मला ठाऊक होतं. तरी मी मागितला. मी तेव्हा संगीतात एम.ए. करत होते. लघुप्रबंधाचा विषय गोंधळातलं गायन हा होता, आणि नांदेडमधल्या एका शिक्षणसंस्थेच्या सामायिक स्टुडिओत मला सकाळी ११ ते १ असे दोन तास मिळाले होते. अर्ज करून महिना झाल्यावर मिळालेले ते दोन तास मला फार मोठे वाटत होते.

अहमदपूर तालुक्यातल्या एका गावातून चौघं आले. मुख्य गाणारे आबा, तुणतुण्यावर झील धरणारा त्यांचा पुतण्या, एक संबळवाले आणि एक झांजवाले. मी लातूरहून पहाटेच्या एसटीने निघाले, ते अहमदपूरला चढले. लोहा मागे टाकून नांदेडला उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते. कापडात बांधलेला संबळ सगळा रस्ताभर आबांच्या मांडीवर होता.

स्टुडिओत शिरल्यावर पहिली ४० मिनिटं नुसती गेली. हेडफोनची पिन बसेना, एक केबल मधूनच तुटक आवाज देत होती, कोणता माइक कुठल्या चॅनेलवर आहे हे मला उमगेना. शेवटी आठ ट्रॅक लागले आणि आबांनी देवीला साद घातली. पुढची ७० मिनिटं त्या खोलीत जे झालं ते शब्दांत सांगणं मला जमणार नाही. देवदेवतांना आवाहन झालं, आख्यान रंगलं, संबळ चढत गेला. एक वाजला तेव्हा दारावर पुढच्या मुलांनी टकटक केली. मी घाईघाईने संगणकावरच्या माझ्या नावाच्या फाइलवर कर्सर नेला, ती पेन ड्राइव्हवर घेतली, सगळ्यांचे आभार मानले आणि बाहेर पडले. बसस्थानकावर आम्ही भाकरी खाल्ली. आबा समाधानी दिसत होते.

आठ दिवसांनी लातूरला मैत्रिणीच्या संगणकावर ती फाइल उघडली. आठ ट्रॅकच्या आठ रेघा आल्या, त्यांची नावं आली, पण सगळ्या कोऱ्या होत्या. ध्वनीच्या फाइली सापडत नाहीत, असा संदेश पडद्यावर होता. मी स्टुडिओत फोन केला. दर शनिवारी त्या संगणकावरची सगळी फोल्डर काढून टाकली जात, आणि तसा कागद दारावर लावलेला होता. त्या दारातून मी त्या दिवशी चार वेळा ये-जा केली होती.

गावी जाऊन आबांना सांगणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माय, आमचा आवाज गेला कुठं?" मी सांगितलं, की मी आणलेल्या फाइलमध्ये कोणता आवाज कुठे आहे याची नुसती नोंद होती, खरा आवाज दुसऱ्या फोल्डरमध्ये होता, तो पुसला गेला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही कधी एकट्यानं गोंधळ घालत नाही. गाणारा अडला, की झीलकरी धरतो. तुमच्या मशिनीला झीलकरी नव्हता का?"

आबा रागावले नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आज मी लातूरला गाणं शिकवते, माझे विद्यार्थी असे सामायिक स्टुडिओ वापरायला जातात, आणि त्या प्रत्येकाला मी निघण्यापूर्वी हा प्रश्न सांगते. स्टुडिओचं नाव मी इथे देत नाही, कारण चूक तिथल्या कुणाची नव्हती. ती माझी होती, आणि टाळता येण्यासारखी होती.

आपल्याकडे हे जास्त जपायला का हवं

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली स्थापन झालं. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या जिल्ह्यांतून संगीत, लोककला, माध्यमं शिकणारी मुलं बहुतेक तालुक्याच्या गावांतून, वाड्या-तांड्यांवरून येतात. तासाच्या दराने खासगी स्टुडिओ घेणं त्यांच्या घरच्यांना परवडत नाही. संस्थेचा सामायिक स्टुडिओ हीच त्यांची एकमेव चांगली खोली असते.

आणि ध्वनिमुद्रित करण्यासारखं आपल्याकडे किती आहे! एका बाजूला तुळजापूर, दुसऱ्या बाजूला माहूर. त्यामुळे भवानीचे कदमराई आणि रेणुकेचे रेणुराई, असे दोन्ही परंपरांचे गोंधळी आपल्या भागात भेटतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळी गातात. किनवट, मुखेडकडच्या तांड्यांवर होळीला लेंगी घुमते. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बाया अजून आहेत. यातलं पुष्कळसं कुठेच लिहिलेलं नाही. हरवलं तर ते दुसऱ्या पुस्तकातून उतरवून घेता येत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माजलगावच्या बायांनी गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. त्या कामाचं मोल संख्येइतकंच नोंदीतही आहे: ओवी कोणाची, गाव कोणतं, विषय कोणता, हे प्रत्येकीपाशी लिहिलेलं आहे. म्हणून आज इतक्या वर्षांनी ती ओवी ऐकताना ती गाणारी बाई अनाम राहत नाही.

वेळ मिळण्यापूर्वी

मिळालेल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी एकदा रिकाम्या हातांनी स्टुडिओत जाऊन या. दारावरचे, भिंतीवरचे सगळे कागद वाचा आणि मोबाइलवर त्यांचे फोटो घ्या. तिथे काम पाहणाऱ्या माणसाला चार प्रश्न विचारा: फाइली कुठे साठवायच्या, त्या किती दिवस राहतात, वीज गेली तर संगणक किती वेळ चालतो, आणि बिघाड झाला तर कुणाला सांगायचं. हे चार प्रश्न मी विचारले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दोन तासांचा हिशेब आधीच मांडा. मांडणी आणि चाचणीला ३५ मिनिटं, शेवटी प्रती काढणं आणि आवराआवर यांना २५ मिनिटं. उरली ६० मिनिटं. त्या ६० मिनिटांत जेवढं नीट होईल तेवढंच ठरवा. रियाज, शब्द जुळवणं, पट्टी ठरवणं हे घरी. काळी चार की पांढरी पाच यावर स्टुडिओत चर्चा सुरू झाली, की समजा पुढच्याचा वेळ आपण खात आहोत.

वाद्यं मात्र वेळेच्या थोडी आधी आणा. बाहेर वैशाखाचं ऊन, आत एसी. तबला, संबळ, दिमडी यांचं कातडं हवा बदलली की सूर बदलतं. त्याला खोलीची हवा लागू द्या, मग सुरात लावा. गाणं सुरू होताना एसी आणि पंखा बंद करता येतो का हे विचारा. कानाला जी घरघर जाणवत नाही ती माइक अचूक टिपतो. कुणी न बोलता अर्धं मिनिट त्या रिकाम्या खोलीचा आवाजही घेऊन ठेवा, पुढे जोडकामात तो उपयोगी पडतो.

माइकसमोर

आमच्या पहिल्या मुद्रणात आबांच्या माइकमध्ये अर्धा संबळ शिरला होता, हे मला हेडफोनवर तेव्हाच ऐकू येत होतं. पुढे आबांच्या मंडळींचं मुद्रण पुन्हा केलं, तेव्हा मी ते सुधारलं. स्टुडिओत गायनासाठी सहसा वापरतात ते माइक समोरचं सगळ्यात जास्त आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतात. म्हणून संबळ गाणाऱ्याच्या माइकच्या पाठीकडे येईल असा बसवा. संबळाला काड्यांचा घणाघात असतो, त्याचा माइक थोडा लांब ठेवा.

पण कलावंतांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवू नका. गोंधळात गाणारा झीलकऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, संबळवाला गाणाऱ्याच्या हाताकडे. नजर तुटली की गाणं तुटतं. आवाज थोडा एकमेकांत मिसळला तरी चालेल, मंडळी एकमेकांना दिसायला हवीत. ज्यांना हेडफोनची सवय नाही त्यांच्या कानांवर तो चढवू नका.

लेव्हल लावताना आपले लोक संकोचाने हळू गातात आणि खरं गाणं सुरू झालं की दुप्पट आवाज लावतात. म्हणून चाचणीला आख्यानातला सगळ्यात चढा भाग गायला सांगा. त्या वेळी मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटवर मुद्रण करत असाल तर आवाज थोडा कमी आला तरी नंतर वाढवता येतो. लाल दिवा लागून फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. तो सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आवाजाची कळ खाली घ्या. आधीच्या ट्रॅकवर दुसरा ट्रॅक गाऊन घेणार असाल, तर हेडफोनमध्ये आवाज किती उशिरा येतो ते तपासा. ४८ किलोहर्ट्झला बफर १०२४ वर असेल तर त्यानेच २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, तालात ते जाणवतं. १२८ वर तोच उशीर तीन मिलिसेकंदांहून कमी होतो.

नाव, गाव, तारीख

१९०२ साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. त्यातही गाण्याच्या शेवटी गौहर जान आपलं नाव सांगत. तबकड्या परदेशात छापल्या जात, तिथल्या कारागिराला गाणारी कोण हे कळावं, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. हेतू काहीही असो, त्या तबकड्या ऐकताना आज कुणाला विचारावं लागत नाही.

आपणही तेच करू शकतो. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला कलावंताने स्वतःच्या आवाजात नाव, गाव, काय गाणार आणि तारीख सांगावी. फाइलचं नाव हरवतं, कागद भिजतो, पण आवाजात मिसळलेलं नाव आवाजाबरोबर राहतं. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरं अंतिम' अशी नावं कधीच देऊ नका. शेजारी एक वही ठेवा आणि कितव्या मिनिटाला काय झालं ते लिहीत राहा.

बाहेर पडण्यापूर्वी

आता माझ्या चुकीकडे येते. रीपर, क्यूबेस, प्रो टूल्स अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाची फाइल वेगळी आणि ध्वनीचं फोल्डर वेगळं असतं. ऑडेसिटीच्या २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलमध्ये राहतं, त्याआधी तिथेही दोन भाग होते. प्रकल्पाची फाइल म्हणजे जमिनीचा सातबारा. त्यावरून शेत कुठे आहे ते कळतं, पण तो पिशवीत घातला म्हणजे शेत घरी येत नाही.

हे ओळखायला साधा हिशेब पुरतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा घेतो. आठ ट्रॅकचे मिनिटाला ६९ एमबी, म्हणजे ७० मिनिटांचे सुमारे ४.८ जीबी. मी पेन ड्राइव्हवर घेतलेली फाइल एक एमबीसुद्धा नव्हती, आणि ती एका क्षणात उतरली होती. ७० मिनिटांचा गोंधळ एका क्षणात कसा उतरेल, एवढा विचार मी केला असता तरी पुरे होतं.

म्हणून हा क्रम ठेवा. आधी पूर्ण फोल्डर उचला. मग त्याच जागी बसून सगळ्या ट्रॅकचं एकत्र साधं मिश्रण डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून काढा. ते कच्चं असलं तरी चालेल, कारण बाकी सगळं गेलं तरी ते ऐकता येतं. हे दोन्ही दोन वेगळ्या साधनांवर घ्या, एक पेन ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, हे आधी तपासा. मग तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून फाइल उघडा आणि सुरुवात, मध्य, शेवट ऐका. त्याच संगणकावर उघडून समाधान मानू नका, तिथे मूळ आवाज जागेवर असल्याने सगळं ठीकच वाजतं.

शिवाय खोलीत एका कोपऱ्यात मोबाइल किंवा छोटा रेकॉर्डर पहिल्यापासून चालू ठेवा. मोबाइल विमान मोडवर टाका, चार्जिंग पूर्ण असू द्या. त्याचा आवाज स्टुडिओच्या तोडीचा नसेल, पण मोठं यंत्र अडलं तर धरायला कुणीतरी हवं. माझे विद्यार्थी त्याला झीलकरीच म्हणतात.

आवाज कुणाचा

मी फाइल हरवली तेव्हा 'माझं रेकॉर्डिंग गेलं' असंच म्हणत होते. आबांनी 'आमचा आवाज' म्हटल्यावर मला थांबावं लागलं. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नंतरच्या दुरुस्त्यांनी सादर करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क दिला आहे, तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी स्पष्ट झाला: काही अपवाद वगळता त्याच्या संमतीशिवाय त्याच्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करता येत नाही, आणि आपलं नाव लागावं, सादरीकरणाची मोडतोड होऊ नये, असे नैतिक हक्कही त्याला आहेत.

म्हणून गाण्याआधी मराठीत एका पानाचं संमतीपत्र तयार ठेवा आणि ते वाचून दाखवा. मुद्रण कशासाठी, कुठे वाजणार, इंटरनेटवर जाणार का, पैसे मिळाले तर कुणाला, हे त्यात असावं. काही आवाहनं घराबाहेर वाजू नयेत असं मंडळींना वाटतं, तेही विचारा आणि लिहून घ्या. संस्थेच्या यंत्रावर केलेल्या मुद्रणाचे हक्क विद्यार्थ्याचे की संस्थेचे, हे स्टुडिओच्या नियमांत पाहा. नियमांत नसेल तर आधी लेखी ठरवून घ्या. मानधन आणि एसटीचं भाडं त्याच दिवशी हातात द्या. सुपारी सोडून आलेल्या माणसाला पुढच्या महिन्याचा वायदा देऊ नये.

पुढच्यासाठी खोली

सामायिक स्टुडिओ म्हणजे गावच्या आडासारखा. पाणी शेंदून झाल्यावर पोहरा जागेवर ठेवायचा असतो. निघताना सगळ्या कळा शून्यावर आणा, ४८ व्होल्ट बंद करा, केबली गुंडाळा पण आवळू नका, माइक खोक्यात ठेवा. यंत्रांच्या टेबलावर पाणी, चहा नको. बिघडलेली केबल गुपचूप परत ठेवू नका. तिला चिठ्ठी लावा आणि नोंदवहीत लिहा, नाहीतर उद्या हिंगोलीहून आलेल्या एखाद्या मुलाची ४० मिनिटं तीच केबल खाईल. दुसऱ्याचं फोल्डर जागा अडवत असलं तरी त्याला हात लावू नका, व्यवस्थापकाला सांगा. आणि वेळ संपण्याच्या २५ मिनिटं आधी गाणं थांबवा, कितीही रंगलं तरी. माझं सगळं त्या शेवटच्या घाईतच गेलं.

लग्नसराई सरल्यावर आबा आणि मंडळी पुन्हा आली. पहिल्या दिवशीचं आख्यान तसंच्या तसं परत आलं नाही. गोंधळात ते कधीच तसं येत नाही, आणि ती ७० मिनिटं गेली ती गेलीच. पण या वेळी संबळ जागेवर होता, प्रत्येकाने आपलं नाव-गाव सांगितलं, साडेबाराला आम्ही थांबलो. सुरुवात करण्याआधी आबांनी मला विचारलं होतं, "झीलकरी बसवला का?" मी कोपऱ्यातला रेकॉर्डर दाखवला होता.

एक प्रत माझ्याकडे लातूरला राहिली, दुसरी मार्गदर्शकांकडे नांदेडला. तिसरी मी आबांच्या पुतण्याच्या हातात दिली. ती देणं माझं कर्तव्य होतं, आणि मुद्रणाच्या दृष्टीनेही तिसऱ्या गावी एक प्रत असणं शहाणपणाचं होतं. त्याने तो पेन ड्राइव्ह संबळाच्या काड्यांबरोबर त्याच कापडात बांधला.